तक्रारीचा रकाना

बावीस वर्षांत चष्मेवाल्याला एकही गिऱ्हाईक फसवू शकलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सांगायचा, कोणी न विचारता. दुकानात सांगायचा, जेवताना सांगायचा, कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तर तिथेही सांगायचा. लोक खोटं बोलतात ते पोलिसांपुढे असा आपला समज, पण अस्सल खोटारडे बघायचे तर माणसाने चष्म्याच्या दुकानात बसावं, असं त्याचं म्हणणं. ट्रकवाले परवान्यासाठी अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात आणि त्याने दिवा लावायच्या आत शेवटची ओळ म्हणून मोकळे होतात. साठीच्या बायका "जवळचं छान दिसतं हो मला" म्हणतात आणि औषधाची बाटली हातभर लांब धरून वाचतात. आणि मग शाळेतली पोरं. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला चष्मा लागला, की यांना फळा दिसेनासा होतो.

पोरांसाठी त्याच्याकडे हुकमी उपाय होता. तपासणीची ती जड गोल चौकट पोराच्या नाकावर चढवायची, एक काच घालायची, वर तिचा परिणाम पुसून टाकणारी दुसरी घालायची. बेरीज शून्य. खिडकीच्या काचेतून बघावं तसं. मग चेहरा गंभीर करून विचारायचं, "आता?" पोरगं म्हणणार, "हो, आता एकदम स्पष्ट." झालं. तो पोराच्या आईकडे बघून एक भुवई वर करायचा आणि पोराला डोळ्यांचे व्यायाम शिकवून घरी पाठवायचा. या उपायाचा त्याला कोण अभिमान.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. थोडा बढाईखोर, पण कामाला चोख. ज्या म्हाताऱ्या उस्तादाकडे तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड करायचं आणि तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईक बोलेल तेच शब्द लिहायचे, आपली अक्कल त्यात घालायची नाही. चष्मेवाल्याने हे तंतोतंत पाळलं. एका आजोबांच्या कार्डावर 'बायको दोन दोन दिसते, एक पुरे आहे' असंही त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. लिहायचा तो सगळं. परत वाचायचा मात्र फक्त आकड्यांचा रकाना, कारण काच बनते ती आकड्यांवरून.

त्याची मुलगी पंधरा वर्षांची. जन्मली तेव्हा रडायचं सोडून पिंगळा घुबडासारखी सगळ्यांकडे टकामका बघत राहिली, म्हणून तिच्या आत्याने तिला पिंगळी म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एकुलती एक. लहानपणी तिच्या तोंडाला विसावा नसायचा. बाप म्हणायचा, हिला बंद करायचं बटण कुठंय ते कोणीतरी शोधा रे. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि ते बटण आपोआप सापडलं. जेवायला यायची, जेवायची, ताट उचलायची, खोलीत जायची. पोरगी मोठी होतेय, असं सगळे म्हणाले, आणि म्हणून सुटले.

पहिल्यांदा ती दुकानात आली ती शाळा सुटल्यावर. आत आली, दप्तर पायाशी ठेवलं आणि मागच्या काळोख्या खोलीत जाऊन सरळ तपासणीच्या खुर्चीत बसली.

"बाबा, मला वाचता येत नाहीये नीट."

"कसं येत नाही? अक्षरं दोन दिसतात? पुसट?"

"नाही. दिसतात. पण वाचलेलं पोचत नाही. एकच ओळ आठ-दहा वेळा वाचते."

त्याने ते लिहून घेतलं, चौकट तिच्या नाकावर चढवली आणि समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. त्या खोलीत त्याचा एक नियम होता, तपासणी चालू असताना फोन बंद. बाहेर आभाळ कोसळलं तरी तो उठायचा नाही. एक काच, दुसरी काच. हे बरं की ते? आता? आणि आता? घाई नको, नीट बघून सांग. वीस मिनिटांनी पाव नंबर सापडला. शोधलं तर पाव नंबर कोणाच्याही डोळ्यात सापडतो, हे त्यालाही ठाऊक होतं, पण पोरीला तीन दिवसांत निळ्या दांड्यांचा चष्मा मिळाला आणि ती तो नाकावर ठेवून खरंच छान दिसत होती.

सव्वा महिन्याने ती पुन्हा आली. मग पुन्हा. दर वेळी शाळेनंतर, दर वेळी एकटी, आणि दर वेळी तक्रार वेगळी. त्याने काच बदलली, काचेचा अक्ष, म्हणजे ती बसवायचा कोन, बदलला, चकाकी न येणारी काच घातली, डोळ्यांत टाकायचे थेंब दिले. तिची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिने एका रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावरच पोरीचं रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी कागद आणला, सगळं जिथल्या तिथे. एक जीवनसत्त्व तेवढं थोडं कमी, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. बापाने नंबर काढला, आईने रक्त काढलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं की हिच्यात काही निघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि यांच्या घरी तर दिवे दोन होते.

पाचव्या खेपेला चष्मेवाल्याला शंका आली. ती खुर्चीत बसली होती, हात मांडीखाली दाबून, लहान असताना बसायची तशी. काय होतंय ते त्याने विचारलं. मग काहीतरी बोलली. त्याने लिहिलं. लिहिता लिहिताच त्याच्या डोक्यात चमकलं, की अरे, आपण इतक्या पोरांना पकडलं आणि घरचीच सुटली की काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने एक काच घातली, वर दुसरी घातली, बेरीज शून्य केली आणि चेहरा गंभीर ठेवून विचारलं, "आता?"

"आता बरंय," ती म्हणाली. "आता स्पष्ट दिसतंय."

"नक्की?"

"हो. खूप बरंय."

त्याला हसू आवरेना. पण तिथे तो काही बोलला नाही. गंमत अशी एकट्याने खायची नसते, ती भरल्या ताटावर वाढायची असते.

रविवारी खालच्या मजल्यावरची आत्या जेवायला वर आली, तेव्हा त्याने ती वाढली. नक्कल करून. चौकट कशी चढवली, भुवया कशा जुळवल्या, आणि पिंगळी कशी मान वेळावून म्हणाली, "खूप बरंय." समोर काय होतं? तर शून्य. खिडकीची काच.

"म्हणजे इतके महिने हिने तुला शेंडी लावली?" आत्याने विचारलं.

"पाच वेळा. बावीस वर्षांत कोणाला जमलं नाही ते घरच्या पोरीने करून दाखवलं."

"बापाची लेक आहे," आत्या म्हणाली आणि डोळे पुसत हसली. आईसुद्धा हसली. "अभ्यास टाळायला किती ते उपद्व्याप," म्हणाली. "तेवढ्यात दोन धडे झाले असते गं."

पिंगळीही हसली. सगळ्यांनंतर हसायला लागली आणि सगळ्यांचं थांबल्यावरही थोडा वेळ हसत राहिली. मग "सॉरी" म्हणाली, निळ्या दांड्यांचा चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला, आणि उरलेलं जेवण नीट संपवलं.

त्यानंतर तिने एकही तक्रार केली नाही. एक म्हणजे एक नाही. सकाळी हाक मारायच्या आधी उठलेली असायची. खोली आवरलेली, गादीवर सुरकुती नाही. कशी आहेस विचारलं तर "बरी आहे" असं लगेच उत्तर. आईला भांडी घासू लागायची, आत्याचे गुडघे दाबून द्यायची. आपले रंगांचे डबे आणि ब्रश तिने शेजारच्या छोटीला देऊन टाकले, तेव्हा आईला वाटलं, आता पोरगी अभ्यासाला लागली. चष्मेवाला तर दुकानात येईल त्याला सांगत होता, एक शून्याची काच, आणि पोरगी सुतासारखी सरळ. ऐकणारे माना डोलवायचे. सात आठवडे घरात इतकी शांतता होती, की आईबापांना आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागलं होतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी चष्मेवाला सहा महिन्यांपूर्वीची कार्डं खणातून काढायचा आणि एकेकाला फोन करायचा, सहा महिने झाले, तपासून जा. त्या सोमवारीही दुपारी त्याने गठ्ठा काढला. दुकानात गिऱ्हाईक एकच, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. भट्टीवरचा काटा पुसट दिसतो म्हणून आला होता आणि आत खुर्चीत, नाकावर ती जड चौकट घेऊन बसला होता. त्याला "डोळे मिटून पाच मिनिटं आराम करा, मग तपासू" सांगून चष्मेवाला बाहेर आला आणि गठ्ठा चाळायला लागला. चौथं कार्ड पिंगळीचं निघालं. बरोबर सहा महिने झाले होते.

तो स्वतःशीच हसला. हिला कशाला फोन करायचा. कार्ड परत ठेवायला खण ओढला, आणि गंमत म्हणून, केवळ गंमत म्हणून, ही आपल्याला काय काय थापा मारत होती ते बघू म्हणून, त्याने तक्रारीचा रकाना वरून खाली वाचला. आकडे सोडून. बहुतेक पहिल्यांदाच.

पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'वाचलेलं पोचत नाही. एकच ओळ आठ-दहा वेळा.' पुढे पाव नंबर.

त्याखाली, 'डोळे जड. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. रोज.' पुढे अक्ष बदलल्याची नोंद.

त्याखाली, 'वर्गात सगळे हसतात ते लांबून ऐकू येतं. फळा पण लांब.' पुढे दूरचा नंबर.

'कपाळ दुखतं. रडू येतं, कशाने ते कळत नाही. कोणी बघू नये म्हणून चष्मा बरा पडतो.' पुढे थेंबांचं नाव, दिवसातून तीनदा.

आणि शेवटची ओळ. 'विचारते, हे असंच राहिलं आणि मला सहन झालं नाही तर काय करायचं.' पुढे, त्याच वळणदार अक्षरात, त्याच शाईने, 'साधी काच. स्पष्ट दिसतं म्हणाली. नाटक.'

अक्षर त्याचं होतं. प्रत्येक शब्द पोरीने त्याच्या तोंडासमोर, एक हाताच्या अंतरावरून सांगितला होता, आणि त्याने मान हलवत तो लिहून घेतला होता. कोणी परकं माणूस हे सांगत आलं असतं, तर त्याने सांगितलं असतं, ताई, हे चष्म्याचं काम नाही, तुम्ही डॉक्टरकडे जा. तेवढं शहाणपण त्याच्याजवळ होतं. परक्यांसाठी होतं.

त्याने तिला फोन लावला. शाळा दोनला सुटत होती, साडेतीन होऊन गेले होते. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग खालच्या मजल्यावर आत्याला लावला, तर आत्या म्हणाली, मघाशी जिन्यात भेटली की, हसली पण, आता वर असेल, का रे?

"जरा वर जाऊन बघतेस?"

"माझे गुडघे बघ आधी. काय झालंय?"

तो तिला काय सांगणार. त्याने फोन ठेवला आणि आत डोकावून बेकरीवाल्याला म्हणाला, "बसा, आलोच."

"अहो, पण हे नाकावरचं—"

पुढचं त्याने ऐकलं नाही. दुकान तसंच उघडं टाकून तो निघाला. घर अकरा मिनिटांवर. रोज चालायचा तो रस्ता. वाटेतलं फुलांचं दुकान, धोब्याचं दुकान, सायकलींचं दुकान, प्रत्येकाच्या मालकाच्या चष्म्याचा नंबर त्याला पाठ होता. त्या दिवशी एकाने हाक मारली तरी त्याने वळून पाहिलं नाही. पळायची सवय सुटलेली, छातीत कळ येत होती, आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता, की सात आठवडे, सात आठवडे ती काही बोलली नाही, आणि मी लोकांना सांगत सुटलो की ती सुधारली.

दार त्याने आपल्या किल्लीने उघडलं.

पिंगळी तिच्या खोलीत जमिनीवर बसलेली होती. जिवंत, शाळेच्याच कपड्यांत, वेणी अर्धी सुटलेली. तिला बघून त्याला इतकं हायसं वाटलं की दाराची चौकट धरून तो नुसता उभा राहिला. मग त्याला तिच्यासमोरचं दिसलं. कपाटातलं सगळं खाली काढून तिने त्याचे नीट तीन ढीग लावले होते. पुस्तकं, कानातली, स्वेटर, लहानपणचं लाकडी कासव. प्रत्येक ढिगावर एक चिठ्ठी, चिठ्ठीवर कोणाला द्यायचं ते. एक ढीग आत्याचा, एक शेजारच्या छोटीचा, एक वर्गातल्या मैत्रिणीचा. फोन टेबलाच्या खणात होता.

"लवकर आलास?" तिने विचारलं.

"हे काय चाललंय?"

"आवरतेय."

कालपर्यंत त्याने तिची पाठ थोपटली असती. आज थोपटली नाही. तो दाराशीच खाली बसला, जमिनीवर, तिच्यापासून दोन हातांवर.

"तुला बरं आहे ना?"

"हो. बरी आहे."

किती चटकन उत्तर आलं ते. स्वच्छ, ठरलेलं, तक्ता पाठ करून आलेल्या ट्रकवाल्यासारखं. आणि हे तिला शिकवलं कोणी, तर त्यानेच. खरं सांगितलं की नंबर मिळतो, त्याहून खरं सांगितलं की हसं होतं, हे पोरगी पाच खेपांत शिकली होती. त्याच्या कपाटात दोनशे सहासष्ट काचा होत्या आणि ही 'बरी आहे' खरी की खोटी ते बघायला त्यातली एकही उपयोगाची नव्हती.

"पिंगळे," तो म्हणाला, "मी आज तुझं कार्ड वाचलं. सगळं. तू थापा मारत नव्हतीस."

ती चिठ्ठीचा कोपरा दुमडत राहिली.

"मारत होते," ती म्हणाली. "तुझ्या त्या काचेतून काही वेगळं दिसत नव्हतं. मला कळलं होतं."

"मग स्पष्ट दिसतं का म्हणालीस?"

"तू इतका वेळ विचारत होतास. एवढ्या काचा घातल्यास. नाही म्हटलं असतं तर कंटाळला असतास." दुमडलेला कोपरा उलगडत ती म्हणाली, "आणि तिथे बसल्यावर खरंच बरं वाटायचं. तू दुसरं काही करत नसायचास."

चष्मेवाल्याला रडू फुटलं. लपवावं असं मनात आलं, पण जमलं नाही. बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरणाऱ्या माणसाला पोरीच्या डोळ्यांकडे बघवेना. त्याने बाहीने नाक पुसलं. माफी मागायची होती, पण माफी मागायला लागलो तर तीच आपली समजूत काढत बसेल, एवढं त्याला त्या क्षणी कळलं. आणि त्याहून महत्त्वाचं एक विचारायचं राहिलं होतं. तो प्रश्न जिभेवर आणायचीही त्याला भीती वाटत होती. विचारला तर नसलेला विचार तिच्या डोक्यात येईल, असंही वाटलं. मग त्याने त्या तीन ढिगांकडे पाहिलं.

"तुला मरावंसं वाटतं का?" त्याने विचारलं.

पिंगळीने मान वर केली. रागावली नाही, दचकली नाही. कोणीतरी खांद्यावरचं ओझं खाली ठेवू दिल्यावर माणूस बघतं तशी बघत राहिली.

"हो," ती म्हणाली.

"आजही?"

"आज कमी. काल खूप."

काल. काल रविवार होता. काल दुपारी ते चौघंही पत्ते खेळले होते, आई, आत्या, तो आणि ती. ती दोन डाव जिंकली होती. दुसरा डाव जिंकल्यावर तिने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तो आत्याला म्हणाला होता, बघ, पोरगी कशी खुलली.

"काल पत्ते खेळताना?" त्याने विचारलं.

"खेळताना पण," पिंगळी म्हणाली. "तुम्ही सगळे छान दिसत होतात. म्हटलं, यांना असंच राहू दे."

तो सरकत पुढे गेला, कासव आणि स्वेटरांच्या मधून, आणि तिचा हात धरला. हात गार होता. तिने तो सोडवून घेतला नाही. मग तो म्हणाला, "मला यातलं काही येत नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडे आपण जायचं. आजच. मी तुझ्याबरोबर आत बसेन, नाहीतर बाहेर बसेन, तू म्हणशील तसं."

"ते हसतील?"

"नाही."

"तू?"

"मी परत कधी हसलो तर माझ्या तोंडात मार."

ती किंचित हसली. त्या हसण्यावर आता त्याचा विश्वास नव्हता आणि तो बसवायची घाईही त्याने केली नाही.

डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे तो वर्षाला पन्नास माणसं पाठवायचा. त्याने तिथूनच, जमिनीवर बसूनच, त्यांना फोन लावला. मनाच्या आजारांचं बघणारं चांगलं कोणी आहे का, त्याने विचारलं. कोणासाठी, बाईंनी विचारलं. माझ्या मुलीसाठी, तो म्हणाला, आणि जे काही तिने सांगितलं होतं ते तिच्याकडे बघत, ती मान हलवते का ते बघत, सांगितलं. मग बाई भराभर बोलल्या, की सातची वेळ घेऊन देते, माझी मैत्रीण आहे, मी स्वतः बोलते तिच्याशी. तोवर पोरीला एकटीला सोडू नका, बाथरूमला गेली तरी दाराबाहेर उभे राहा, घरातली औषधं आणि लॅबमधून आणलेलं जे काही असेल ते कुलपात टाका. आणि तिच्याशी वाद घालू नका.

त्याने तसंच केलं. पिंगळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून त्याला कपाटाला कुलूप लावताना बघत होती. दुकानातून बेकरीवाल्याचा फोन आला. चौकट अजून नाकावरच होती, एक बाई येऊन गेली, तिला त्याने उद्या या सांगितलं होतं. चष्मेवाला म्हणाला, ती काढून खोक्यात ठेवा आणि शटर ओढून घ्या. बेकरीवाला काय झालं ते विचारणार होता, पण आवाज ऐकून गप्प बसला आणि बरं म्हणाला.

"आईला सांगणार?" पिंगळीने विचारलं.

"सांगावं लागेल."

"तू सांग. मला नाही जमणार. मी खोलीत थांबते."

"दार उघडं ठेव मग."

साडेपाचला आई आली. चपला काढता काढताच बोलायला लागली, की आज लॅबमध्ये चाळीस माणसं, त्यातली दहा बेशुद्ध पडायच्या बेतात, आणि तुझं दुकान का बंद, बरा आहेस ना? तो मधल्या खोलीत उभा होता. सगळं नीट सांगायचं, एकही शब्द गाळायचा नाही, असं त्याने तासभर घोकलं होतं. पण बायकोच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आयुष्यभराची सवय आडवी आली.

"ऐक ना," तो म्हणाला, "पिंगळीला जरा बरं नाहीये."

"ताप आहे?" आईने पिशवी खाली टाकली.

"जरा नाही, बाबा," दारातून आवाज आला.

पिंगळी बाहेर आली होती. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, हात एकमेकांत गुंतवून, आणि बोलायला लागली तेव्हा पहिले दोन शब्द फुटलेच नाहीत. तोपर्यंत आईचा हात सवयीने तिच्या कपाळावर गेला होता.

"आई, मला जगावंसं वाटत नाहीये. खूप दिवस झाले."

कपाळ थंडगार होतं. आईने नवऱ्याकडे पाहिलं, तो मान खाली घालून उभा होता, म्हणजे ही गंमत नव्हती. हात आता कुठे न्यावा ते तिला कळेना, म्हणून तिने तो तिथेच राहू दिला.